एकतीसवरून नऊवर

अकरा वर्षं एकच काम चिकाटीनं करणाऱ्याला लोक तोंडावर तज्ज्ञ म्हणतात आणि पाठीमागं वेडा. मोजणीवाल्या बाईंच्या वाट्याला दोन्ही आलं होतं. काम असं, की शेताच्या बांधावर एक मीटरची लोखंडी चौकट टाकायची, गुडघे टेकायचे आणि चौकटीत आपसूक उगवलेल्या रोपांच्या जाती मोजायच्या. पेरलेलं मोजायचं नाही. ज्याला सगळं जग तण म्हणतं, तेवढंच मोजायचं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. शेतकरी किती फवारतो, किती नांगरतो, ते बघाच, पण शेताच्या शेजारी काय आहे तेही बघा. शेजारी झुडपांची टेकडी असेल तर तिथून वाऱ्यानं, पाखरांनी बी उतरतं आणि बांध पुन्हा भरतो. चहूकडे एकच पीक असेल तर बी येणार कुठून? बावीस बांधांनी बाईंची री ओढली होती. तेविसाव्यानं मात्र जणू वैरच धरलं होतं. तो टेकडीच्या अगदी पायथ्याशी, आणि तिथं पहिल्या वर्षी एकतीस जाती, दुसऱ्या वर्षी अठरा, मागच्या वर्षी नऊ! बाईंनी माती तपासली, पाणी तपासलं, स्वतःचा चष्मासुद्धा बदलला. आकडा काही वर चढेना.

आणि नेमका तोच बांध आता महत्त्वाचा ठरला होता. सकाळी कचेरीतून साहेबांचा फोन आला.

"मॅडम, ती टेकडी सपाट करून लागवडीला द्यायची फाईल माझ्या टेबलावर आहे. तुमचेच आकडे सांगतात, तिचा बांधाला काडीचा उपयोग नाही. यंदाचा आकडा आज संध्याकाळी द्या, मी सही करून मोकळा होतो."

"साहेब, मोजणी सोमवारी आहे. शेतकऱ्याला तसं पत्र गेलंय."

"मग? बांध काय तोवर गावाला गेलाय?"

आठ दिवस आधी पत्र पाठवायचं हा कचेरीचाच नियम. पहिल्या वर्षी तो नव्हता. तेव्हा बाई रस्ता चुकत चुकत अचानक उगवल्या होत्या. चरफडत त्यांनी चौकट गाडीत टाकली.

बांधावर पोचल्या तेव्हा शेतकरी काका गुडघ्यांवर बसून खुरप्यानं बांध तासत होते. अर्धा बांध न्हाव्याच्या हाताखालून गेल्यासारखा तुळतुळीत झाला होता. उरलेला अर्धा कमरेएवढा माजला होता.

"अहो बाई, पत्रात तर सोमवार आहे!" काका दचकून उठले. "अजून निम्मं राहिलंय की!"

"काका, हे काय चाललंय?"

"तुमचीच तयारी. दरवर्षी पत्र आलं की तीन दिवस हेच. सरकारी माणूस येणार आणि बांधावर तण? पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, 'काका, एकतीस सापडले.' लाजेनं मान खाली गेली माझी. म्हटलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. एकतीसचे नऊ केले, बाई! मुळासकट उपटतो. यंदा शून्यावर आणणार होतो." मग त्यांचा आवाज चढला. "कंबर मोडली माझी तुमच्यापायी. आणि तुम्ही दरवर्षी आकडा ऐकवून तोंड पाडून निघून जाता. कधी एका शब्दानं बरं म्हणाला नाहीत!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तण मोजायलाच तर येते मी! जितकं जास्त तितकं चांगलं!"

"मग तसं सांगायचं होतं ना! तपासणीला कोणी घाण बघायला येतं का?"

काकांचं बरोबर होतं, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. अकरा वर्षं जगभरचं शोधलं, पण शेतकऱ्याला 'तुम्ही काय करता हो?' एवढं विचारायचं राहिलं. चौकटीच्या बाहेर बघायला लोकांना शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः कधी चौकटीबाहेर डोकं काढलं नव्हतं.

त्या माजलेल्या अर्ध्या बांधात शिरल्या. कुसळं पायांना टोचत होती. चौकट टाकली, गुडघे टेकले. दुसरी टाकली, तिसरी टाकली. पाचव्या चौकटीत इवलं निळं फूल दिसलं. ते आता फक्त टेकडीवरच उरलंय, असं त्यांनी मागच्या अहवालात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. बाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

"किती झाले?" काकांनी लांबूनच विचारलं.

"अर्ध्या बांधात चौतीस."

काका मटकन बसले. "चौतीस! म्हणजे पार नापास."

बाईंनी साहेबांना फोन लावून सगळा प्रकार सांगितला. साहेब म्हणाले, "एका दिवसाचे चौतीस मी कुठं लावू? दहा वर्षांची उतरण कागदावर आहे. ती खोटी असं तुम्ही स्वतः लेखी दिलं तरच फाईल थांबेल. आणि मग तुमच्या बाकीच्या बावीस बांधांकडेही लोक बोट दाखवतील. विचार करा."

त्या बावीस शेतकऱ्यांनाही दरवर्षी पत्रं गेली होती. बाईंनी विचार केला. फार वेळ लागला नाही, पण तेवढ्यात अकरा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. मग गाडीच्या टपावर कागद ठेवून शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'या बांधावरच्या जाती टेकडीमुळे वाढत होत्या आणि माझ्या पत्रामुळे कमी होत होत्या. दुसऱ्या वर्षापासून मागच्या वर्षापर्यंतचे माझे आकडे ग्राह्य धरू नयेत.' खाली सही केली.

काका अजून तसेच बसले होते. बाईंनी त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"काका, तुम्ही पास," त्या म्हणाल्या. "नापास मी झाले."