दोन मडक्यांचा रिपोर्ट

माझ्या शेळीच्या दह्याचा पाचोडात असा डंका, की बाजारात मी बसले की बाकीच्या बाया आपली मडकी झाकून घ्यायच्या. विरजण सासूबाईंच्या हातचं. भाऊ-भाऊ वेगळं निघालं तेव्हा त्यांनी मडकं मला दिलं, थोरली म्हणून. धाकटी जाऊ चतुराबाई म्हणायची, "मलाबी गुपचूप वाटीभर दिलं व्हतं." मी म्हणायची, "हिचं दुकानातलं!" पंधरा वर्षं म्हणत आले, तेबी चारचौघांत.

मग माझी नात प्रांजली संभाजीनगरच्या विद्यापीठातून बर्फाचा डबा घेऊन आली.

"आजी, चमचाभर दह्यात जेवढे बारीक जीव असतात, त्या सगळ्यांचा डीएनए आम्ही एकदमच वाचतो. मेटाजिनोमिक्स म्हणतात त्याला."

"म्हंजे कुणाचं दही कुठल्या घराण्यातलं, ते कळतं?"

"बरंचसं कळतं."

मी मडकं हळूच पदराआड ओढलं.

कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. वेगळं निघाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही शेळ्या घेऊन सोयगावाकडं गेलो होतो. परत येऊन बघते, तर विरजणात किडे. मडकं घासलं, उन्हात पालथं घातलं आणि दुपारी चतुरी झोपलेली बघून तिच्या खिडकीतून हात घालून वाटीभर विरजण उचललं. तेव्हा माझा हात लई लांब होता.

डब्यात तीन बाटल्या गेल्या: माझी, चतुरीची आणि क्रांती चौकातल्या पाकिटाच्या दह्याची. महिनाभर मी देवाला म्हणत होते, त्यांच्या यंत्राची वीज घालव.

वीज काय गेली नाय. प्रांजली रिपोर्ट नाचवतच अंगणात आली.

"आजी! पाकिटात दोनच जाती निघाल्या, आमच्या होस्टेलच्या भाजीसारख्या. अन् तुमच्या दोन्ही मडक्यांत चाळीसच्या वर, दोन्हीकडं त्याच! एक जात तर कुठल्या यादीतच नाय. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले!"

माझा ल्योक बिभीषण मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे काकूनं आपलंच विरजण चोरलं! सापडली का नाय?"

"बाबा, कुणी कुणाकडून घेतलं ते यात दिसत नाय."

पण ऐकतंय कोण? सगळं घर हसत सुटलं. चतुरी पदराचं टोक पिळत खाली बघत बसली. तिनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी गप बसले असते.

"गप रे!" मी बिभीषणावर ओरडले. "चोर मी हाय. खिडकीतून हात घालून घेतलं मी. सासूबाईंचं विरजण तिच्याकडंच व्हतं."

चतुरीनं पदराचं टोक सोडलं.

"ठाव हाय, आक्का," चतुरी म्हणाली. "जागी व्हते मी."

"मग बोलली का नाय?"

"सकाळी तुमचं मडकं पालथं दिसलं. म्हटलं, ही आज येणार. म्हणून तर झाकण काढून ठेवलं, वाजू नये म्हणून."

"अगं भवाने, मग हातानं द्यायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही घेतलं असतं?"

मला असं हसू फुटलं, की बसल्या जागी डोळ्यांतून पाणी आलं. चतुरी माझ्या अंगावर कोसळून हसायला लागली, प्रांजली आमच्या दोघींवर.

हसू आवरल्यावर प्रांजलीनं कागद पुढं धरला. "नमुना कुणाच्या नावावर टाकू?"

"चतुराबाईच्या," मी म्हटलं.

"अन् खाली आक्काचा हात लिही," चतुरी म्हणाली. "लई लांब हाय म्हणावं."