नकाराला मज्जाव

साहेबांना 'नाही' हा शब्द खपत नसे. जाहिरातीत नको, माहितीपत्रकात नको आणि आता यंत्राला द्यायच्या सूचनांतही नको. "नकार वाचला की माणसाचा मूड जातो," असं ते म्हणाले की खोलीतली मंडळी ब्रह्मज्ञान झाल्यासारख्या माना डोलावत. पाठीमागे सगळे त्यांना अत्तर म्हणत, कारण दोन विशेषणं शिंपडल्याशिवाय ते एकही वाक्य सोडत नसत.

न डोलणारी मान एकच, कात्रीची. दुसऱ्यांची वाक्यं छाटते म्हणून हे नाव पडलं होतं आणि तिला त्याचा चांगलाच अभिमान होता. दुकानदारांना ऑनलाइन पैसे घ्यायची आणि परत करायची सोय पुरवणं हा कंपनीचा धंदा. कात्रीची धाकटी नणंदही तीच सोय वापरत असे. ती मापाप्रमाणे पडदे शिवून द्यायची. आधी पैसे घ्यायची, मगच कापड फाडायची. सगळं दुकान त्या आगाऊ पैशांवर चालायचं. कंपनीत वहिनी आहे म्हटल्यावर तिने या सोयीला डोळे मिटून होकार दिला होता.

आता गिऱ्हाइकांशी बोलायला कंपनी एआय एजंट बसवणार होती. त्याच्या हाताशी दोन साधनं दिली होती: एकाने पैसे जमा झाले का ते पाहायचं, दुसऱ्याने पैसे परत पाठवायचे. कुठलं कधी वापरायचं, हे एजंट त्या साधनाखालचं वर्णन वाचून ठरवणार. डोळ्यांनी खुणावलेलं त्याला कळत नव्हतं. लिहिलंय तेवढंच खरं.

परताव्याच्या साधनाखाली कात्रीने लिहिलं: 'गिऱ्हाइकाचे पैसे परत पाठवते. पाठवलेले पैसे मागे घेता येत नाहीत. दुकानदाराने होकार दिला असेल तरच वापरा. गिऱ्हाईक नुसती चौकशी करत असेल तर वापरू नका.'

अत्तरांनी नाक मुरडलं. "किती रुक्ष. आपण काय पोलीस चौकी चालवतो?"

"साहेब, हे एजंट वाचणार आहे. त्याला मूड नसतो."

"वाचणारा कोणीही असो, आपला सूर एकच हवा."

आणि साहेबांनी स्वहस्ते अकलेचे तारे तोडले: 'नाराज ग्राहकाच्या चेहऱ्यावर क्षणात हसू फुलवणारी, विश्वास दृढ करणारी आपुलकीची सुविधा.' त्यात पैसे हा शब्दसुद्धा उरला नव्हता.

कात्रीच्या मंजुरीवाचून कुठलाही मजकूर पुढे जात नसे. ती अडवू शकली असती. एजंटला चार प्रश्न विचारून त्याचा प्रताप सगळ्यांसमोर दाखवू शकली असती. पण या माणसाशी वाद घालणंही तिला कमीपणाचं वाटायला लागलं होतं. एकदा तोंडावर आपटू दे, म्हणजे येईल ताळ्यावर. तिने मंजुरीचं बटण दाबलं आणि दाबताना तिला मनातून गुदगुल्या झाल्या. नणंदेचं दुकान तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

एजंट दुकानांत रुजू झाला. कोणी विचारी, पडदे कधी मिळणार, फार वाट पाहतोय. एजंटला त्यात नाराजी दिसे आणि नाराजीवरचं औषध त्याच्यापुढे लिहून ठेवलेलंच होतं. तो दुकानाच्या खात्यातून पैसे परत पाठवी आणि गोड निरोप घेई. इकडे अत्तर मीटिंगमध्ये सांगत होते की ग्राहक कधी नव्हे इतके खूश आहेत. फुकट पैसे मिळाल्यावर कोण रडतं? कात्री हसू दाबत बसली होती, तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

कात्री दुकानात पोचली तेव्हा टेबलावर कापलेल्या-शिवलेल्या पडद्यांचा ढीग होता आणि नणंद खुर्चीवर सुन्न बसली होती. कापडवाल्याचे पैसे द्यायचे होते, खात्यात काही उरलं नव्हतं. कात्रीने स्वतः गिऱ्हाइकांना फोन लावले. काहींनी फोन उचललाच नाही. एक बाई म्हणाल्या, "पैसे परत आले म्हणजे तुम्हीच ऑर्डर रद्द केलीत ना? मी दुसरीकडे टाकली." त्यांच्या खिडकीच्या मापाचे पडदे टेबलावर शिवून तयार होते. ते दुसऱ्या कुणाच्या खिडकीला बसणार नव्हते.

"आमचा साहेब," कात्री तावातावाने बोलायला लागली, "एक नंबरचा मूर्ख. मी नीट लिहिलं होतं, त्याने सगळं पुसलं. त्याला काडीचं कळत नाही."

"मग ते पुढे कसं गेलं?"

कात्री अडखळली. "मंजुरी मी दिली. म्हटलं, होऊ दे फजिती त्याची."

नणंदेने त्या बाईंच्या मापाचा पडदा घडी करून बाजूला ठेवला.

"त्याला कळत नव्हतं, वहिनी. तुला कळत होतं."