अझोर बसला ती बरणी

चेक देशातल्या आमच्या इवान्चित्से गावच्या अग्निशामक दलाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीत गावातल्या कुणाची तरी लघवी. क्वापिल नावाचा गृहस्थ आपल्या कुत्र्याला, अझोरला, बरणीबरणीपाशी नेत होता. सर्वांत आधी त्याने स्वतःची बरणी हुंगवली. अझोर शांतपणे पुढे गेला.

“यंत्राला नाक असतं का हो?” क्वापिल गरजला. “मूत्रपिंडाचा कॅन्सर माझ्या अझोरला आधी कळतो, रोग हुंगला की हा खाली बसतो! मे महिन्यात हा जिथे जिथे बसला, त्या बरण्या आज बघा. स्वच्छ! माझ्या औषधाचे थेंब घेतले, संत यानचा सण आला आणि रोग पळाला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात वाजवत होता माझा नवरा, लुबोश. मला रडू येत होतं.

लुबोशच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे. स्कॅनमध्ये पक्की दिसली. ब्रनोच्या डॉक्टर सोबोत्कोवांनी ऑपरेशन ठरवलं. गाठ बाहेर पसरलेली नाही, आत्ता काढली तर माणूस वाचेल म्हणाल्या. मे महिन्यात अझोर लुबोशच्या बरणीपाशी बसला, जूनअखेरीस नुसता हुंगून पुढे गेला, आणि आमच्या घरात ऑपरेशन हा शब्दच बंद झाला.

“बरा झालोय मी, दानुश्का. कशाला कापून घेऊ?”

“मग परत स्कॅन काढ.”

“माणसं चुकतात. कुत्रा खोटं बोलत नाही.”

“मग त्या कुत्र्याशीच संसार करायचा होतास!”

मी भांडले, रडले, अक्षरशः पाया पडले. शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी. जगाच्या पोरांना विचार करायला शिकवायचं आणि घरात नवऱ्यानं कुत्र्याचं ऐकायचं! शेवटी डॉक्टरांना फोन लावला. लघवीच्या वासावरून कॅन्सर कळतो का हो?

“वासात तथ्य आहे,” त्या म्हणाल्या. “लघवीतून उडून जाणारी रसायनं असतात, आणि या कॅन्सरमध्ये त्यांचं मिश्रण बदलतं असं दिसतंय. त्यावर संशोधन चालू आहे. पण जेवण, सिगारेट, औषधं, सगळ्याचा वास त्यात मिसळतो. नुसत्या वासावरून कुणाला बरा झालास म्हणायची माझी तरी हिंमत नाही.”

जेवण! मी फोन ठेवला आणि फ्रीजर उघडला. आत मे महिन्यात साठवलेले शतावरीचे, म्हणजे ॲस्परॅगसचे, पांढरे कोंब होते. मे महिन्यात आमचं अख्खं गाव हेच खातं; त्याचं सूप, अंड्यात परतलेले कोंब, लोणी घालून कोंब. जूनअखेरच्या संत यानच्या सणाला कापणी थांबते, कारण मुळांना विश्रांती लागते. ते खाल्लं की लघवीला कुजक्या कोबीचा वास मारतो. मे महिन्यात इथे तो घरोघरी असतो, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. रोग मे महिन्यात आला आणि संत यानला गेला म्हणे. कॅन्सर कधीपासून भाजीचा हंगाम पाळायला लागला?

म्हणून त्या दिवशी सभागृहातल्या टेबलावर माझ्याही दोन बरण्या होत्या, खोट्या नावांच्या. अझोरने लाल झाकणाची हुंगली आणि पुढे गेला.

“निरोगी!”

पांढऱ्या झाकणाच्या बरणीपाशी तो टुणकन बसला.

“अरेरे,” क्वापिलने बरणीवरचं नाव वाचून मान हलवली. “कोण ही बाई? उजवं मूत्रपिंड पोखरलंय. पण घाबरू नका, थेंब आहेत.”

मी उभी राहिले. “बाई नाही हो. दोन्ही बरण्या माझ्या नवऱ्याच्या आहेत. लाल सकाळची, पांढरी दुपारची. हॉस्पिटलला द्यायच्यात असं सांगून मी त्याच्याकडून घेतल्या. मधे तो फक्त शतावरीचं सूप प्यायला.”

“अश्रद्धेनं कुत्रा गोंधळतो!” क्वापिल ओरडला.

“सुपानं गोंधळतो मेला!” शेजारच्या रुझेना काकू उठल्या. “तरीच! मे महिन्यात माझ्याकडे जेवायला बसलास तेव्हा शतावरीला शिवलासुद्धा नाहीस. म्हणे पोटाला सोसत नाही! तुझी बरणी कायम स्वच्छ राहायला हवी ना?”

हशा उसळला. क्वापिलने पट्टा ओढला आणि मागच्या दाराने कुत्र्यासकट पसार झाला.

लुबोश हसला नाही. तो लाल झाकणाकडे बघत होता.

“दानुश्का, गाठ तर सकाळीही होती ना?”

“होती.”

“आणि तो थांबला नाही.”

“नाही थांबला.”

त्याने माझा हात घट्ट धरला. “तारीख मी परवाच रद्द केली गं. तुला न सांगता.”

तिथूनच मी हॉस्पिटलला फोन लावला. लुबोशची जागा दुसऱ्या रुग्णाला दिली होती; आता महिनाअखेर. तोवर ती गाठ काय करेल, ते डॉक्टरही सांगू शकल्या नाहीत. लुबोश रोज रात्री डाव्या कुशीवर हात ठेवून झोपतो आणि मी जागी असते.

म्हणून हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी एकच मागा: तीच वस्तू, दोनदा, नाव लपवून तपासून दाखव. आणि तो दाखवेपर्यंत डॉक्टरांची तारीख मोडू नका.