हिरवी पट्टी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दहावीची पोरं मांडी घालून बसलेली, मागे त्यांचे आईबाप, आणि व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले श्वासगुरू. परीक्षा महिन्यावर आली होती. दारातच बर्फाच्या पाण्यात हात बुडवून 'शुद्धी' करायची, मग एका चकचकीत पट्टीवर अंगठा ठेवायचा. पट्टी काळी, म्हणजे मनात ताण. त्यानंतर वीस मिनिटं तळवे काखेत दाबून ध्यान, की पट्टी हिरवी. ताण गेला, रोगही गेला! तीन दिवस हिरवी आली की आपली औषधं त्यागपेटीत टाकायची आणि पेटीला कुलूप. आयांचे डोळे भरून यायचे. मला शिसारी यायची.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो. दिवसभर हात थंड पाण्यात. परवा गुरूंनी माझा अंगठा सर्वांसमोर पट्टीवर ठेवला आणि ती कोळशासारखी काळी पाहून जाहीर केलं, की हा शाळेतला सर्वांत तणावग्रस्त माणूस. मी! जेवण झालं की बाकावर घोरणारा! पोरं खो खो हसली. मी पट्टी खिशात घालून प्रयोगशाळेत आणली आणि निवत आलेल्या चहाच्या कपाला चिकटवली. लगेच हिरवी. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, पालक खूश आहेत, तुम्ही नळ्या धुवा.

आज तिसऱ्या रांगेतून घरघर ऐकू आली. माझीच मुलगी. तिला लहानपणापासून दमा. ओठ निळसर पडलेले, आणि दप्तरात पंप नाही. तिने त्यागपेटीकडे बोट दाखवलं.

गुरूंनी तिची पट्टी उंच धरली. "पाहा, हिरवी. शरीरातला विकार बाहेर पडतोय. कुणी मध्ये पडू नका."

तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी उचलून आपटली. फळी फुटली. गोळ्यांच्या पाकिटांतून पंप शोधून मी तिच्या तोंडाशी धरला. एक फवारा, दुसरा, तिसरा. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला.

मग गुरूंच्या हातातली पट्टी दारातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून काळी केली, त्यांच्याच पुढ्यातला अर्धा प्यालेला चहा घेतला आणि ती कपावर दाबली. हिरवी झाली.

"कपाचाही दमा बरा झाला का, महाराज?"

पट्टी गारव्याने काळी होते, उबेने हिरवी. एवढंच. महाराज चपला शोधू लागले. आईबाप मान खाली घालून फुटक्या पेटीतून आपापल्या पोरांची औषधं वेचत होते, त्यांत माझी बायकोही होती.

डोळे मिटून शांत बसा, जरूर बसा. जीव थोडा हलका होतो, परीक्षेची धडधड कमी होते. पण आखडलेली श्वासनळी पट्टीचा रंग बघत नाही. कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्याच्या चमत्काराखाली एकदा चहाचा कप ठेवून बघा.

मुलगी आता बाकावर बसून अभ्यास करतेय. पंप माझ्या खिशात होता; तिने मागून घेतला आणि स्वतःच्या दप्तरात ठेवला.