हाकेचं नाव

"नाही हो, ती आत्ता घरात नाहीये. बाहेर गेलीय. संध्याकाळी करा." एवढं बोलून मशीनमास्तरांनी फोन ठेवला आणि शिलाई मशीनच्या पोटात पुन्हा स्क्रूड्रायव्हर घातला.

समोरच्या स्टुलावर बसून मी चहा फुंकत होतो. कप तसाच खाली ठेवला. कारण 'ती' म्हणजे मास्तरांची बायको, आमच्या वहिनी; आणि वहिनी हिवाळ्यातच गेल्या होत्या. त्यांना पोचवायला मी स्वतः गेलो होतो.

"मास्तर, संध्याकाळी कुठून येणार त्या?"

"तुला काय करायचंय? तू आपल्या फ्रेमा ठोक."

माझं फोटोफ्रेमचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की मास्तर शिंकले तर माझ्याकडे टांगलेले लोकांचे आजे-पणजे वाकडे होत. गल्लीत मला थापाड्या म्हणतात. तेही उगाच नाही. मास्तरांनी तेलपाणी केलेलं एक मशीन मालकीण परगावी गेली तरी थांबेना, आणि ती परतली तेव्हा घरातल्या सगळ्या पडद्यांना बाह्या फुटल्या होत्या, हे मीच पसरवलेलं. ती थाप होती. ही नाही.

झालं होतं असं. बँकेचा सगळा कारभार वहिनी बघायच्या. मास्तरांचे हात कायम तेलाचे. कागदाला लागले की कागद पारदर्शक. फोनवरून व्यवहार सुरू करताना बँकेनं वहिनींना एक खुणेचा प्रश्न विचारला: घरात तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतात? वहिनींनी खरं ते सांगून टाकलं. ते नाव मास्तरांनी लग्नानंतर ठेवलेलं, दार लावून घेतल्यावर हाक मारायचं. वहिनींनीही मास्तरांना तसंच एक ठेवलेलं. लेकीलाही दोन्ही ठाऊक नव्हती. मास्तर चिडले होते, "बँकेला कशाला सांगितलंस?" तर वहिनी हसून म्हणाल्या, "बँक काय चव्हाट्यावर बोंबलत सुटणार आहे?"

बँक बोंबलत सुटली. वहिनी गेल्यावर थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. कुणी विमा विकणारी, कुणी कर्ज घ्या म्हणणारा. सगळे वहिनींची चौकशी करायचे, आणि कागदोपत्री नावानं नाही, तर त्या नावानं! पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मास्तरांच्या हातातली सुई खाली पडली. तिकडे एक मुलगी गोड आवाजात म्हणत होती, "...आहेत का घरात?"

"मग 'गेली' म्हणून सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगणार होतो. तोंडातून 'बाहेर गेलीय' निघालं." मास्तर मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले. "तू नाही समजायचास. ते नाव आता कुणाच्या तोंडी नाही. मी एकट्यानं भिंतीला हाक मारून बघितली. बरं नाही वाटत."

तेव्हापासून ते फोनची वाट बघू लागले. लेक परगावाहून ओरडायची, "बाबा, नंबर बदला नाहीतर ब्लॉक करा." हे "हो हो" म्हणायचे आणि फोन उशाशी घेऊन झोपायचे. विकणाऱ्यांना वाटत असेल, गिऱ्हाईक पटतंय. इकडे एक म्हातारा बायकोचं नाव ऐकायला पुढची वेळ देत होता.

हे असंच चाललं असतं. पण एका दुपारी फोनवर दोन पोरं होती. एकानं नाव विचारलं आणि मागून दुसरा फिसकन हसला, "अरे, हे बाईचं नाव आहे की शेळीचं?"

मास्तरांनी फोन ठेवला. हात पुसले. मग दुकानाचं शटर ओढलं आणि मला म्हणाले, "चल. बँकेत."

मॅनेजर अदबशीर माणूस. "काका, माहिती कुठूनही फुटते हल्ली. आमच्याकडूनच गेली कशावरून?"

"ते नाव तीन ठिकाणी होतं, साहेब. एक ती, एक मी, एक तुम्ही. ती गेली. मी बोललो नाही. उरलं कोण?"

मॅनेजरनं चहा मागवला. बँक चहा पाजते तेव्हा समजावं, की बाकी काही मिळणार नाही. आम्ही तक्रार वर नेली. पत्रं गेली, उत्तरं आली. प्रत्येक उत्तरात बँकेला आमची गैरसोय झाल्याचा खेद होता आणि चूक मात्र नव्हती. शेवटी सुनावणीची तारीख लागली.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा. मध्ये तक्रार ऐकणाऱ्या बाई, चष्मा कपाळावर. पलीकडे बँकेचे साहेब, अलीकडे मास्तर आणि साक्षीला मी.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"शेजारी. थापाड्या आहे, पण आज खरं बोलेल," मास्तर म्हणाले.

बँकेच्या साहेबांनी तेच तुणतुणं लावलं: पुरावा काय? बाई मास्तरांकडे वळल्या. "काका, ते नाव सांगा. नोंदवून घेते. बँकेकडच्या नावाशी ताडून बघू."

मास्तरांनी टेबलावरचे हात मागे घेतले. मी कोपरानं ढोसलं. ते मान हलवून म्हणाले, "बाई, मी नाही सांगणार. या खोलीत ते माझ्या तोंडून निघणार नाही."

साहेब खुर्चीत सैल झाले. "मग प्रश्नच मिटला."

"जरा थांबा," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. "काल त्या विमावालीला मी सांगितलंय, उद्या दुपारी कर, नक्की भेटेल. पोरगी वेळेची पक्की आहे."

आम्ही त्या फोनकडे बघत बसलो. भुतं बोलवायला बसतात तसे. बाई घड्याळ बघून काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार! ...घरी आल्या का?"

आणि ते नाव त्या खोलीत आलं. लख्ख. मास्तरांनी डोळे मिटले. साहेबांनी आपल्या लॅपटॉपमध्ये बघितलं, मग बाईंकडे, मग टेबलाकडे. बाईंनी हात पुढे केला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

"हॅलो? काका? आल्या का त्या?"

मास्तर फोनजवळ वाकले. "नाही बाळ. ती वारली. मी तुला खोटं सांगत होतो. आता पुन्हा फोन करू नकोस."

मग ती पोरगी, विम्याचं सगळं विसरून, एवढंच म्हणाली, "सॉरी काका." फोन बंद झाला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बँकेनं ग्राहकांची यादी विमेवाल्यांना आणि कर्जवाल्यांना दिली होती, आणि देताना नावाच्या रकान्यात खुणेचं उत्तर गेलं होतं. बँकेला लेखी माफी मागावी लागली, भरपाई द्यावी लागली आणि ते नाव जिथे जिथे गेलं तिथून पुसावं लागलं. मी गल्लीत सांगितलं त्यात मात्र बँकेचे साहेब टेबलाखाली लपले होते. तेवढी मुभा मला असू द्या.

फोन थांबले. मास्तर मशीनवर वाकून काम करायचे. मध्येच फोन उचलून बघायचे, चालू आहे ना म्हणून. एकदा मला म्हणाले, "जरा मला फोन लाव रे, वाजतोय का बघू." मी लावला. वाजला. त्यांनी माझं नाव बघून तो तसाच खाली ठेवला.

आयुष्यात माझ्या पोटात एकही गोष्ट राहिली नाही. वहिनींचं ते नाव त्या दिवशी मीही ऐकलं. गल्लीनं विचारून विचारून जीव खाल्ला. नाही सांगितलं. तुम्हालाही सांगणार नाही.

मग बँकेचं बोलावणं आलं. जुनं खुणेचं उत्तर फुटलेलं, नवं द्यायला हवं. काउंटरवर नवीन मुलगी होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"काका, प्रश्न बदलायचा का?"

"प्रश्न तोच असू दे. आता खातं माझ्या एकट्याचं आहे."

"बरं. घरात तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतात?"

मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी शहाण्यासारखा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला गेलो. काचेच्या खिडकीशी तोंड नेऊन ते हळूच काहीतरी म्हणाले. मुलीनं टाइप केलं.

"बरोबर लिहिलंय ना, एकदा वाचते हं," ती म्हणाली, आणि खालच्या आवाजात तिनं मास्तरांचं ते नाव वाचलं.

मास्तरांनी ओ दिली.