वायफायला शिवलेली रजई

साजिदने सौदीहून अब्बांसाठी मोठ्या पडद्याचा फोन पाठवला, तेव्हा आमिनाला वाटलं होतं, पोरगा आता रोज डोळ्यांसमोर राहील. त्याच फोनपायी बापलेकांचं बोलणं बंद पडेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

गुलाम नबीचा जुना फोन बटणांचा. हिवरखेडच्या त्यांच्या घरात रेंज म्हणून नव्हती. साजिदचा फोन आला की हा ओट्यावर धावायचा आणि एका कानात बोट घालून असा ओरडायचा, की सौदीतल्या जेवणात मीठ कमी पडलं तरी ते अख्ख्या गल्लीला कळायचं. नवा फोन आला आणि त्यासोबत केबलवाल्याकडून वायफायही आलं. कपाटावर एक पांढरी डबी बसली, तिचे हिरवे दिवे लुकलुकू लागले.

गुलाम नबी हाडाचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्यात त्याचा जन्म गेलेला. आधी लोक शेतातला कापूस पोत्यात भरून घेऊन यायचे, पोरीच्या लग्नाची गादी समोर बसून भरून घ्यायचे. मग बोंडअळी आली. लागोपाठ काही वर्षं कापूस असा गेला, की लोकांच्या घरी रजईपुरताही उरेना, आणि लग्नातली गादी दुकानातल्या फोमवर भागू लागली. कापूस पिंजायची मशीन नुसती उभी राहू लागली, म्हणूनच तर साजिदला परमुलखात जावं लागलं होतं. पण बापाचे हात काही स्वस्थ बसत नव्हते. त्याने डबीवर बसलेली धूळ पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी इवलीशी रजई शिवली. छिटाचं कापड, आत मऊ पिंजलेला कापूस, लाल दोऱ्याचे टाके. चारी बाजूंनी घट्ट, नुसती अँटेनाची दोन शिंगं बाहेर.

आमिना पोट धरून हसली. "तिले काय थंडी वाजून रायली?"

"माह्या लेकाचा आवाज येते तिच्यातून," तो म्हणाला. "धूळ बसू देऊ काय तिच्यावर?"

तीही मग रोज त्या रजईवरून हात फिरवू लागली.

फोनवर साजिद दिसायचा, हसायचा, ताटात काय आहे ते दाखवायचा, आणि बोलणं रंगात आलं की चित्र जागच्या जागी थिजायचं. मग फोन बंद. पुन्हा लावला तर लागायचा नाही. बऱ्याच वेळाने आपसूक सुरळीत व्हायचा, तोवर साजिदची ड्युटी लागलेली असायची. गुलाम नबीने फोन झटकला, पुसला, खिडकीत धरला, एकदा तर त्याच्यावर फुंकरही मारली. दोष नव्या फोनचा, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

शेवटी दोघं अकोल्याला गेली. तिथे त्यांची लेक हीना दिली होती. हीनाने त्यांना एका मोबाईलच्या दुकानात नेलं. दुकानदाराने फोन आपल्या वायफायला जोडला आणि त्यांच्यासमोर साजिदला लावला. काय सांगावं, चांगला अर्धा तास फोन चालला, एकदाही अडकला नाही! दुकानदार म्हणाला, "चाचा, फोनमध्ये काहीच खराबी नाई."

परतीच्या एसटीत गुलाम नबी खिडकीबाहेर पाहत बसला. मग वळून म्हणाला, "फोन बरोबर हाय म्हणते. मंग कापते कोन? पोरगाच कापते. आईबापासंग बोलाचा कंटाळा येते त्याले."

"काईबी बोलता! आता एवढा बोलला तो."

"दुकानात दहा लोकं पाहून रायले होते. लाज वाटली असन."

आमिना चिडली, पण तिच्याही मनात ते कुसळासारखं रुतून बसलं. घरी आल्यावर फोन पुन्हा तसाच अधूनमधून बंद पडू लागला, तेव्हा ते कुसळ आणखी आत गेलं.

आणि मग तो उन्हाळ्यातला शुक्रवार आला. कापसाच्या धुळीने गुलाम नबीची छाती आधीच भाता झाली होती. पडद्यावर बापाला धापा टाकताना पाहून साजिद म्हणाला, "अब्बा, ऐका माहं. ते मशीन इकून टाका."

एवढंच म्हणाला आणि चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, भुवया वर.

गुलाम नबीचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्या मशीनवर त्याने दोन लेकरं वाढवली होती. "मशीन इकू? अन् फोनबी कापला?" त्याने त्या थिजलेल्या चित्राकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम उतरला. "तू ये ना बाप्पा घरी. तू आला तं मशीन काय, मले इकलं तरी चालन."

हे फक्त आमिनाने ऐकलं.

त्यानंतर तो फोनला शिवला नाही. साजिदही अब्बांना बोलवा म्हणेना. आई एकटी असताना लावायचा, "अब्बाची तब्येत कशी हाय?" एवढं विचारायचा, आणि पुढे काही निघायच्या आत फोन बंद व्हायचा. आमिनाला वाटायचं, पोराला विषय टाळायचा आहे. विचारायला गेलं आणि तुटलं तर, या भीतीने तिने कधी विचारलंच नाही. दोघंही एकापेक्षा एक हट्टी. मध्ये तिचा जीव मात्र चरकातल्या उसासारखा पिळून निघत होता.

पावसाळा सरता सरता गुलाम नबी गेला. सकाळी छाती भरून आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर माती दिली. मालकाने साजिदला सुट्टी दिली नाही. बापाचं शेवटचं तोंड त्याने हीनाने पाठवलेल्या फोटोत पाहिलं.

चाळिसाव्याच्या विधीच्या आदल्या दिवशी हीना माहेरी आली आणि मायलेकींनी घर धुवायला काढलं. त्याच्या गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे, पडदे सगळं अंगणात आलं. आमिनाने कपाटावरच्या त्या इवल्या रजईलाही हात घातला. टाके उसवून डबी बाहेर काढली आणि तिचा हात चटकन मागे आला. डबी तव्यासारखी तापली होती. रजईचं आतलं कापड पिवळं पडलं होतं, कापसाला करपट वास येत होता.

हीनाने ते पाहिलं. "अम्मी, इले हवाच नोती. तापली का बंद पडत असन."

आमिनाने डबी तशीच उघडी कपाटावर ठेवली, आणि रजई धुतलीच नाही.

दुपारी साजिदचा फोन आला. चाळिसाव्याला कोण येणार, काय शिजणार हे सांगून झालं. हीनाच्या लेकरांचं झालं, गल्लीचं झालं, विहिरीच्या पाण्याचंही झालं. फोन चालूच. आमिना जीव मुठीत धरून पडद्याकडे पाहत होती. तिकडे साजिदचे डोळे मिटत होते, उघडत होते, चित्र कुठे थिजत नव्हतं.

"आज नेट चांगलं हाय, अम्मी. काय केलं?"

ती काय सांगणार? की तुझ्या बापाने तुझा आवाज जपायला ऊब केली आणि त्या उबेनंच तो बंद पाडला? मांडीवरची रजई तिने घट्ट धरली.

"बेटा, त्या दिवशी तू फोन काहून कापला होता?"

"मी?" साजिद पुढे झुकला. "म्या नाई कापला! मी तं लगेच परत लावला, वाजलाच नाई. मले वाटलं, मशीन इका म्हटलं म्हनून अब्बानं रागानं बंदच करून टाकला. माहं पुरतं बोलनं तरी ऐकाचं होतं त्याईनं."

"काय बोलनार होता तू?"

"मशीन इका, मी परत येतो, अन् दोघं मिळून अकोल्यात गाद्याचं दुकान टाकू. एवढंच होतं, अम्मी."

आमिनाने रजई पडद्यासमोर धरली. लाल दोऱ्याचे टाके, पिवळं पडलेलं अस्तर. आणि मग एकेक करून सगळं सांगितलं. डबी कशी तापायची ते, आणि थिजलेल्या चित्रासमोर त्याचा बाप काय बोलला होता तेही, जसंच्या तसं. "फोन कोनीच कापला नोता रे. तू नाई, अन् त्याईनंबी नाई."

तिकडून आवाज आला नाही. साजिदचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, त्या शुक्रवारी होतं तसंच. काहीच हलेना. आमिनाने घाबरून कपाटाकडे पाहिलं. डबीचे हिरवे दिवे शांत लुकलुकत होते.

"साजिद? गेला काय रे फोन?"

पडद्यावर त्याने हळूच बाहीने डोळे पुसले.

"नाई, अम्मी," तो म्हणाला. "चालू हाय."