परतीच्या नळीतला काटा

घोडेवाल्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता: त्याच्या आठ घोड्यांनी आजवर कुणालाही लाथ मारली नव्हती. लाकडाचे होते म्हणून काय झालं? पोरांना घोड्यांवर बसवून गोल फिरवणारी चक्री सुटी करायची, घोडे जुन्या ब्लँकेटांत गुंडाळून ट्रॉलीवर रचायचे, ट्रॉली गाडीला जोडायची आणि गावोगाव हिंडायचं, यातच नवरा-बायकोचा उभा संसार झाला होता. घोडे रंगवायचे त्याने, गाडी चालवायची तिने. नवऱ्याच्या हातात गाडी दिली की ती उधळते, असं बायकोचं मत होतं, आणि त्या घरात बायकोच्या मतावर अपील नव्हतं.

गेल्या वर्षी वरच्या गावाला जाताना घाटातच गिअरबॉक्स जळला. ऑटोमॅटिक गाडी, मागे घोड्यांचं ओझं, त्यात अंगावर येणारा चढ. आतलं तेल करपलं आणि गाडीने जी बसकण मारली ती उठेचना. घोडे रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली पडून राहिले आणि वरच्या शाळेतली पोरं मैदानात वाट बघून घरी गेली. नवा गिअरबॉक्स बसला त्या दिवशी बायको म्हणाली, "आता हा जळला, तर घोडे विकायचे आणि मुलाकडे राहायला जायचं."

चिडून म्हणाली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. चिडलेली बायको संध्याकाळपर्यंत निवते, हा त्याचा अनुभव होता. पण ती हे भाजी निवडता निवडता, शांतपणे म्हणाली, आणि त्याने ते मनावर घेतलं. मुलगा गुणी होता, सून त्याहून गुणी होती, पण त्यांच्या बाल्कनीत एक घोडा आडवासुद्धा मावत नव्हता. हे त्याने मागच्या खेपेला टेप लावून बघितलं होतं.

यंदा पुन्हा वरच्या शाळेचं बोलावणं आलं. बायकोने गाडी आपल्या धाकट्या भावाच्या गॅरेजात नेऊन उभी केली आणि नवऱ्याला तिथेच ठेवून ती नट-बोल्ट आणायला बाजारात गेली. मेहुणा गाडीखाली आडवा झाला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"भावोजी, गिअरबॉक्सच्या तेलाला सेन्सर बसवतोय," पाय म्हणाले. "समोर काटा दिसेल. तापलं की थांबायचं, निवलं की निघायचं. गेल्या वर्षी हेच नव्हतं आपल्याकडे."

"बसव की. कुठे बसवतोस?"

मेहुणा सरपटत बाहेर आला. त्याला कुणी असा प्रश्न विचारला की त्याची कळी खुलायची. "जागा तीन. हे बघा, तेल गिअरबॉक्समधून या नळीने बाहेर पडतं, पुढच्या कूलरमध्ये जाऊन थंड होतं आणि त्या नळीने परत येतं. बाहेर पडणाऱ्या नळीत बसवला तर तेल सगळ्यात गरम. चढावर काटा असा नाचेल की ताईचा जीव खालीवर होईल. दुसरी जागा खालचं पॅन. तिथे सगळं तेल एकत्र होतं, म्हणून खरा अंदाज तिथे. फक्त फिल्टरला लागायला नको आणि सायलेन्सरची धग पोचायला नको, अशी जागा बघून भोक पाडायचं."

"आणि तिसरी?"

"परतीची नळी. पण तिथे तेल आंघोळ करून आलेलं असतं. आंघोळ करून आलेल्या माणसाला घाम येतो का, असं विचारून काय कळणार? कूलर काम करतोय की नाही, तेवढं कळतं."

घोडेवाल्याने परतीच्या नळीवरून प्रेमाने बोट फिरवलं. काटा वर चढला की बायको म्हणणार, बघा, हाही जळायला आलाय. एकदा तसं म्हणाली की संपलं. मग ब्लँकेटं सुनेकडे आणि घोडे कुणाकडे, देव जाणे. म्हणजे घोडे वाचवायचे तर काटा वर चढताच कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता मूठ झाकून तेल कसं निवणार होतं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.

"इथेच बसव," तो म्हणाला. "आणि तुझ्या ताईला सांगू नकोस."

"भावोजी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"तुला घोडे प्यारे आहेत की नाही?"

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं, बाकावर ठेवलेल्या सेन्सरच्या दोन खोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

मेहुणा एवढ्या पटकन कबूल झाला म्हणून खरं तर शंका यायला हवी होती. दुसरं खोकं कशाला, हेही विचारायला हवं होतं. पण मनासारखं झालं की माणूस प्रश्न विचारत नाही.

घाट सुरू झाला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. डॅशबोर्डच्या मधोमध नवा काटा पासष्टावर निवांत बसला होता. बायको गाडी हाकत होती, वळणावळणाला दाराकडे नजर टाकत होती. आरसा बघत असेल, असं त्याला वाटलं.

"किती झालं?" तिने विचारलं.

"पासष्ट. एकदम थंड."

"बरं आहे," ती म्हणाली आणि तिने गाडी दामटली.

पहिल्या चार वळणांपर्यंत तो खुशीत होता. पाचव्या वळणावर करपल्याचा वास आला. पुढे एक मालाने भरलेला ट्रक कण्हत चढत होता, पण घोडेवाल्याचं लक्ष ट्रककडे नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. गेल्या वर्षीही असाच वास आला होता. काटा पासष्टावरच होता. त्याला पहिल्यांदाच त्या काट्याची भीती वाटली, कारण तो खोटं बोलतोय हे गाडीत फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि तसं बोलायला त्यानेच शिकवलं होतं. मागे ट्रॉलीत घोडे आपापल्या ब्लँकेटात विश्वासाने झोपले होते. त्यातल्या लाल घोड्याचा कान त्याने परवाच नव्याने बसवला होता.

आता बोललं तर बायकोचा विश्वास जातो, नाही बोललं तर गिअरबॉक्स जातो, आणि त्याच्यामागून घोडेही.

"थांबव गाडी," तो म्हणाला.

"का? पासष्ट तर आहे."

"ते पासष्ट खरं नाही. मीच तुझ्या भावाला परतीच्या नळीत बसवायला लावलं. थंड झालेलं तेल दाखवतंय ते. मला वाटलं, काटा वर गेला की तू घोडे विकशील. चुकलो मी. पण आधी थांबव, नाहीतर खरंच जळेल."

ट्रक निघून गेला आणि त्याच्याबरोबर वासही निघून गेला. बायकोने रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दाराच्या कप्प्यात खोचलेलं फडकं बाजूला केलं. तिथे, फक्त चालवणाऱ्यालाच दिसेल असा, आणखी एक काटा होता. तो एकशे पाचावर होता.

"पॅनमधला आहे," ती म्हणाली. "भावाने बसवला त्याच दिवशी फोन केला होता. एकशेवीसच्या पुढे गेला असता तर मीच थांबले असते. वास त्या ट्रकचा होता."

घोडेवाला एकदा या काट्याकडे, एकदा त्या काट्याकडे बघत राहिला. "मग हा समोरचा कशाला ठेवलास?"

"तुम्ही त्याच्याकडे बघून गप्प बसता म्हणून. केवढा शांत गेला घाट."

त्याला लाज वाटली, हसूही आलं, पण मनातली धाकधूक काही गेली नाही. त्याने मागे वळून ताडपत्रीकडे पाहिलं. "आणि तू म्हणाली होतीस ते? घोडे विकायचं?"

तिने फडकं पुन्हा कप्प्यावर टाकायला उचललं, मग विचार बदलून त्याच्या हातात दिलं आणि गाडी सुरू केली.

"घोडे विकायचेच असते," ती म्हणाली, "तर तुमच्याच काट्यावर भरवसा ठेवला असता."